टेकडी सोडून बाकी सगळं

—नाही, टेकडी राहू द्या हो. टेकडीत काय ठेवलंय? टेकडी म्हणजे जमिनीला आलेलं टेंगूळ, त्यावर चढून माणसाला काय मिळतं—दम. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काय उगीच? तुम्ही बसा आधी. ती खुर्ची डुगडुगते, भिंतीला टेकवा, हां, अशी. पायाला फार लागलं का? त्या पायरीला सगळेच ठेचकाळतात, गेल्या वर्षी नवीन घातलीय, गटाराचं पाणी आत यायचं म्हणून—गवंड्याला म्हटलं वीतभर उंच कर, तर त्यानं स्वतःची वीत धरली, आणि तो आहे ताडमाड. तर काय म्हणत होतो—तुम्ही लिहिता. काल आलात तेव्हाच बायको म्हणाली, हे पेपरात लिहिणारे दिसतात, खोलीत शिरल्याबरोबर आधी खिडकी उघडली, गादी नंतर दाबून बघितली. गावोगावी बघण्यासारखं काय, ते घरबसल्या प्रवास करणाऱ्यांना सांगायचं. उत्तम काम आहे. मी तर म्हणतो घरबसल्या प्रवास हाच खरा प्रवास—पाय दुखत नाहीत, बस चुकत नाही, लॉजवाल्याची बडबड ऐकावी लागत नाही. काय? काही सांगायचंय? सांगा की, पण आधी माझं ऐकून घ्या, तुमच्याच कामाचं आहे, मग तुमचं निवांत सांगा. आणि बाहेर काय बघता सारखं, बसला अजून खूप वेळ आहे.

पहिलं लिहा वस्तुसंग्रहालय. एक मगर आहे तिथं, पेंढा भरलेली, बघाच. शेपूट सिमेंटची आहे. मूळची उंदरांनी खाल्ली—जिवंतपणी जिला अख्खा तलाव घाबरायचा तिला शेवटी उंदरांनी संपवलं, ह्यावर तुम्ही दोन वाक्यं गंभीर लिहा, वाचणाऱ्यांना आवडतं. रखवालदार झोपलेला असेल, त्याला उठवू नका, मगरीपेक्षा तोच जास्त पेंढा भरल्यासारखा दिसतो, लोक त्याचाही फोटो काढतात. मग प्रतिध्वनीची दरी. तिथं ओरडलं की उत्तर येतं. पूर्वी आपलंच यायचं, आता खाली एक बाई राहायला आल्यात, त्या देतात. माणूस वरून ओरडतो ‘मी आलोय’, खालून येतं ‘मग मी काय करू’. नवी जोडपी येतात, एकमेकांच्या नावानं हाका मारतात, आणि ती बाई दोघांच्याही आईबापांचा उद्धार करते. पण एक सांगतो, त्या दरीला इतकी गर्दी कधी नव्हती. मग धबधबा—आमचा मेहुणा आहे धरणावर, दरवाजे उघडायला. तो जेवायला बसला की धबधबा बंद. तेव्हा एक ते दोन जाऊ नका, आणि त्याच्या घरी भांडण झालं असेल तर दिवसभर जाऊ नका. आणि तो प्रेमिकांचा कडा. दोघांनी हातात हात घालून उडी मारली म्हणे. मारली असेल, मी नाही कुठं म्हणतो, पण उंची माझ्या छातीएवढी. उडी मारून कपडे झटकले असतील आणि घरी जाऊन संसार केला असेल—म्हणजे शेवट लोक सांगतात त्याहून वाईटच झाला. एवढं पुरे ना तुम्हाला? पान भरेल की नाही? टेकडीची गरजच काय?

हो, तेच, काय सांगायचंय तुम्हाला? … गेला होतात? टेकडीवर? आज?

अरे देवा. मला न विचारता? नाही, तुमची काय चूक, सकाळी माझ्या कमरेत उसण भरली, सतरंजीवर पालथा पडलो होतो मघापर्यंत, म्हणून निसटलात तुम्ही. नाहीतर दारातच अडवलं असतं. म्हणजे तसं मी टेकडीवर जायला कुणाला अडवत नाही, उलट धाडतो, या लॉजमधला एकेक माणूस धाडतो—पण लिहिणारा नाही. साधा माणूस बघतो, वा वा म्हणतो आणि विसरतो. लिहिणारा घरी जाऊन आठवत बसतो. बरं, गेलातच, तर सांगा, दुर्बीणवाला म्हातारा होता ना? असणारच. काय काय दाखवलं? शाळेचं लाल छप्पर दाखवलं? आणि लालच दिसलं ना तुम्हाला? दिसायलाच पाहिजे, उन्हाळ्यात चांगले दोन हात मारलेत. म्हणजे शाळेनं मारले. म्हणजे रंग मी नेऊन दिला, मारले त्यांनी. आता असं बघू नका माझ्याकडे. एखाद्याला शाळेच्या छपराला रंग द्यावासा वाटू शकतो, माणसाला काहीही वाटू शकतं. शिकलो मी तिथं. नाही म्हणजे फार नाही शिकलो, पण बाकावर बसलो तर होतो.

जाऊ द्या. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. तो माझा दादा आहे. सख्खा. दुर्बीण वडिलांची, आणि हा लॉज दोघांचा म्हणून काढला होता. मी म्हटलं दुर्बीण गच्चीवर लावू, राहायला येणाऱ्यांना फुकट, धंदा वाढेल. तो म्हणाला गच्चीवरून काय दिसणार, लोकांची वाळत घातलेली धुणी. मी म्हटलं तुला धंद्यातलं काय कळतं. तो म्हणाला तुला बघण्यातलं काय कळतं. झालं, एवढंच. शपथेवर सांगतो, याच्यापुढे एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दुर्बीण खांद्यावर टाकली, तिपाई काखेत मारली आणि चढला टेकडी. आज इतकी वर्षं झाली, रोज सकाळी वर, संध्याकाळी पायथ्याच्या त्याच्या खोलीवर, पण माझ्या दारात पाऊल नाही. वहिनी गेली तेव्हा दोघं खांद्याला खांदा लावून उभे होतो. मला वाटलं आता हा बोलेल. त्याला वाटलं असेल आता हा बोलेल. कोण बोलणार? दोघंही आपापल्या बापावर गेलेले—आणि बाप एकच, तीच तर अडचण. आवाजसुद्धा बापाचाच घेतलाय मी, बायको म्हणते तुम्ही कानात सांगितलेलं चौकात ऐकू जातं.

हो हो, तुमचं ऐकतो, पण हे अर्धवट ऐकून गेलात तर भलतंच लिहाल. दादाचं काय झालंय ते मला कळलं कसं, ते सांगतो. एक जोडपं उतरलं होतं, दोघं शिक्षक. संध्याकाळी परत आले, मी आपलं सहज विचारलं, कसा आहे टेकडीवरचा म्हातारा, मफलर होता का गळ्यात, खोकत होता का—असं मी सगळ्यांनाच विचारतो, पाहुण्यांना वाटतं स्थळाची माहिती घेतोय. तर त्या बाई म्हणाल्या, गोड आहेत हो आजोबा, फक्त शाळेचं छप्पर निळं आहे आणि ते सारखे लाल म्हणतात. मी म्हटलं असेल, वय झालं. मग एक विमा विकणारा आला. तो हसतच आला. म्हणाला, तुमच्या म्हाताऱ्यानं मला अर्धा तास दुर्बिणीतून गाव दाखवलं—ते बघा घड्याळ, तो बघा तलाव, आज हवा किती स्वच्छ आहे बघा—आणि दुर्बिणीचं झाकण काढलंच नव्हतं. मिट्ट काळोख. मी विचारलं, मग तुम्ही सांगितलं नाही? म्हणाला, कसं सांगणार, इतकं छान सांगत होते. मीपण वा वा म्हणत होतो.

तो हसत होता आणि मी त्याच्याकडून चहाचे पैसे घ्यायचे विसरलो.

दिसत नाही हो त्याला. धुरकट काहीतरी दिसतं असेल, उजेड-अंधार. टेकडीची वाट पायांना पाठ आहे म्हणून चढतो, स्क्रू बोटांना पाठ आहेत म्हणून फिरवतो, आणि गाव तोंडपाठ आहे म्हणून दाखवतो. तुमचे ते घरबसल्या प्रवास करणारे—त्यांच्यातलाच तो, फक्त खुर्ची टेकडीवर टाकून बसलाय. मेहुण्याला पाठवलं डोळ्याच्या डॉक्टरचा पत्ता देऊन, माझं नाव न घेता. दादानं त्याला दुर्बिणीतून दवाखाना दाखवला. म्हणाला, हा बघा, इथूनच चांगला दिसतो. आता अशा माणसाचं काय करायचं? मी जाऊन सांगायचं? मी गेलो की तो म्हणणार, शेवटी आलास, आणि तेसुद्धा मी आंधळा झालो म्हणून. नाही. मग मी दुसरं ठरवलं. म्हटलं दादा सांगतो तसं गाव नसेल तर गावाचं चुकतंय. गाव दुरुस्त करू.

हसा, हसा. बायकोही हसली. पण करून तर दाखवलं. हेडमास्तर म्हणाला निळा रंग शासनाचा आहे. मी म्हटलं लाल माझा आहे आणि फुकट आहे, मग शासन लगेच मागे हटलं. पोस्टाची इमारत दादा पिवळी म्हणतो, ती पांढरी करायला निघाले होते. मी सभेत उभा राहून असं भाषण ठोकलं, पूर्वजांचा पिवळा काय, अस्मिता काय, मागून कुणीतरी रडायला लागलं. तेव्हापासून लोक मला वारसाप्रेमी म्हणतात, सत्कारसुद्धा झाला, शाल आहे कपाटात. नगरपालिकेतले मात्र म्हणतात हा विकासाच्या आड येणारा म्हातारा. येतोच आहे. आणि तलावातली होडी—तुम्हाला दाखवली ना, हिरवी होडी आणि तिच्यात गळ टाकून बसलेला माणूस? तो खरा माणूस कधीच गाव सोडून मुलीकडे राहायला गेला. आता बसतो तो नळवाला आहे, नळ दुरुस्त करणारा. कामं नसली की बसतो, त्याच्या घरची गळती मी ऐकून घेतो, तो माझ्यासाठी होडीत बसतो. गळाला आमिष लावत नाही, म्हणतो, चुकून मासा लागला तर मी काय करू, मला भीती वाटते. म्हटलं तू नुसती काठी धर बाबा. दुरून कोण बघतंय.

आणि सगळ्यात शेवटी तो गच्ची दाखवतो. आमची, ही वरची. दाखवतोच, ठरलेलं आहे त्याचं, सगळे पाहुणे येऊन सांगतात. म्हणतो, आणि आता दुर्बीण जरा डावीकडे, आता बघा गावातलं शेवटचं प्रेक्षणीय स्थळ. गच्चीवर एक टकल्या दिसतोय का? दिसतोय? काय करतोय? चादरी वाळत घालतोय? पिळतोय नीट का तशीच टाकतोय? लोक हसतात. माझी चेष्टा आहे ती, चांगली कळते मला—धुणी दिसतील म्हणाला होता ना, म्हणून धुणीच दाखवतो. पण मग मी रोज सकाळी बनियनवर गच्चीत जातो. स्वतः. घरात यंत्र आहे हो, कपडे वाळवून बाहेर देणारं, मुलीनं घेऊन दिलंय, बायको म्हणते लोक नाटकात कामं करतात आणि आमचे हे चादरीत. म्हणू दे. तिकडून तो दाखवतो, इकडून मी दिसतो. बोलणं नाही तर नाही, एवढं तरी चालू राहावं असं मला वाटतं. डोळे गेल्याचं कळल्यावर एक दिवस हातात चादर घेऊन उभा राहिलो वरती, म्हटलं आता कुणासाठी टाकायच्या. रडू आलं, खोटं कशाला बोलू. मग म्हटलं पाहुणे तर बघतात. त्याचं बोलणं खोटं पडायला नको. आणि टाकल्या.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, टेकडी लिहू नका. लिहाल तर खरं लिहाल, तुमचा धंदाच तो. ‘दुर्बीण दाखवणारा आंधळा म्हातारा’—मथळा छान आहे, मलासुद्धा आवडला, पण नगरपालिकेला ती जागा हवीच आहे. तिथं त्यांना नाणं टाकायचं यंत्र बसवायचंय. नाणं टाकलं की उघडतं, वेळ संपला की मिटतं, ना बोलणार, ना हसणार, ना कुणाच्या भावाला टकल्या म्हणणार. तुमचं छापून आलं की दुसऱ्या दिवशी दादाला खाली उतरवतील. आणि त्या खोलीत बसून तो करणार काय? भिंतीला गाव दाखवणार? खुर्चीत बसून वाचणाऱ्याला छप्पर लाल असलं काय आणि निळं असलं काय, त्याला फक्त कुठंतरी गेल्यासारखं वाटायला हवं. मगर घ्या की. मगरीवर अख्खं पान लिहा, मी शेपटीचं सिमेंट कुणी कालवलं तेसुद्धा सांगतो.

हां, आता बोला. बोला म्हटलं ना, मी गप्प बसलो. … तुम्हालाही गच्ची दाखवली? मग? दाखवतोच तो, मी म्हटलं नाही का—

काय?

नाही, बरोबर आहे, आज गच्चीत कुणी नव्हतंच. मी पालथा पडलो होतो ना. हिनं चादरी यंत्रात टाकल्या. बरं, मग तुम्ही काय म्हणालात? खरंच सांगितलंत, कुणी नाही म्हणून. मग तो हसला असेल. नाही हसला? पुन्हा बघा म्हणाला? … चादरी तरी आहेत का, म्हणाला? … पलीकडच्या कठड्याशी बघा, तो कधीकधी तिथं टेकतो, असं म्हणाला? ते कुणी सांगितलं त्याला? मी टेकतो तिथं, कंबर दुखली की टेकतो, पण ते हल्लीचं आहे, हे एक-दोन वर्षांतलं. त्याला कसं—

थांबा जरा. म्हणजे शाळा तो सांगतो. पोस्ट सांगतो. तलाव, होडी, घड्याळ, सगळं आपणहून सांगतो, कुणाला विचारत नाही. आणि गच्ची तेवढी विचारतो. दिसतोय का. काय करतोय. पिळतोय का नीट. रोज. येईल त्या प्रत्येकाला. आणि मी समजत होतो चेष्टा चाललीय. मी इथं बसून पाहुण्यांना विचारतोय मफलर होता का, आणि तो तिथं बसून—

मग पुढं काय केलं त्यानं? झाकण लावलं? सकाळीच? मागे माणसं उभी असताना? कुणाला दाखवलंच नाही? आणि तुम्हाला काय म्हणाला? … त्याच लॉजमध्ये उतरलाय का, म्हणाला. आणि तुम्ही म्हणालात, हो, पण आज मालक दिसले नाहीत. अहो, असं कुणी सांगतं का? दिसले नाहीत म्हणजे काय, म्हाताऱ्या माणसाला असं सांगतात? त्याला काय वाटलं असेल? गेला कुठं मग तो? एकटाच उतरला का? इकडच्या रस्त्याला तो कधी आलेला नाही, भाजीबाजारापासून पुढं सगळं खोदून ठेवलंय, सायकली काय, हातगाड्या काय, तिथं डोळसाची धडगत नाही, आणि तुम्ही त्याला तसाच सोडून—

तुमचा हात धरून?

इथं?

कुठं, बाकावर? खिडकीखालच्या? केव्हापासून? तुम्ही आलात तेव्हापासून तो तिथं… अहो मग आल्याबरोबर सांगायचं ना. नाही, बरोबर आहे, तेच सांगत होतात तुम्ही. मीच बोलू दिलं नाही. काय बघून या म्हणाला होता—टकल्या ठीक आहे का? एवढंच? एवढंच बघून या म्हणाला?

आणि ही खिडकी सताड उघडी. म्हणजे छप्पर ऐकलं. नळवाला ऐकला. चादरी ऐकल्या. रडलो म्हणालो मी मघाशी, तेही ऐकलं असणार, आता जन्मभर ऐकवेल. … काय? उठला? इकडे येतोय? थांबा, मला उठू द्या, अगं आई गं, ही कंबर. सरका, तुम्ही सरका हो बाजूला, तुमचं ते लिहायचं काय ते लिहा जाऊन, टेकडी लिहा नाहीतर मगर लिहा, दारातनं हला आधी—

दादा, थांब. तिथंच थांब. पुढं पायरी आहे. पूर्वी नव्हती, मी नवीन घातलीय. हात दे.